गिळलेल्या नऊ कॅप्सूल: इनहेलरच्या पहिल्या महिन्यात औषध दुकानाचं काम

कोपरखैरणे, जुलैचा दुसरा आठवडा. ६१ वर्षांचे एक निवृत्त माथाडी कामगार पत्नीसह संध्याकाळी औषध दुकानात येतात. मागणी खोकल्याच्या सिरपची. "छातीवाल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू हायत, पण गुण काय येत न्हाई," ही तक्रार. पिशवीत चिठ्ठी, ३० कॅप्सूलची बाटली आणि सील न तोडलेला सॅल्ब्युटामॉलचा पंप.

(हे प्रकरण एकाच माणसाचं नाही. नवी मुंबईसारख्या ठिकाणी औषध दुकानांच्या काउंटरवर ज्या गोष्टी वारंवार घडतात, त्या एकत्र आणून ते रचलं आहे. औषधं, मात्रा आणि पायऱ्या मात्र रोजच्या वापरातल्याच आहेत.)

काकांचं सगळं आयुष्य तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये गेलं. तीसेक वर्षं मिरचीची आणि धण्याची पोती पाठीवर वाहिली. अठराव्या वर्षापासून बिडी, एके काळी दिवसाला पंचवीस, आता चार-पाच. जिना चढताना पहिल्याच मजल्यावर थांबावं लागतं. छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून श्वास मोजण्याची चाचणी, केली. पंपाचं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावल्यावरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आणि एकूण बाहेर पडणारी हवा यांचं प्रमाण ०.५८ आलं. ०.७० च्या खाली म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या. निदान सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट आजार. चिठ्ठीवर टायोट्रोपियम १८ मायक्रोग्रॅम आणि फॉर्मोटेरॉल १२ मायक्रोग्रॅम या श्वासनलिका सैल करणाऱ्या दोन औषधांची एकत्र कॅप्सूल, रोज सकाळी एक. धाप लागली तर सॅल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचे २ फवारे. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आधीपासून चालू.

एक प्रश्न

फार्मासिस्टने सिरप काढण्याआधी विचारलं, "काका, ही कॅप्सूल कशी घेता? मला करून दाखवा."

काकांनी बाटलीतून कॅप्सूल काढली आणि तोंडाकडे नेली. "सकाळी च्या घेतला की पाण्यासंगं."

बाटलीत २१ कॅप्सूल उरल्या होत्या. नऊ दिवस, नऊ कॅप्सूल, एकही खाडा नाही. औषध नियमित घेतलं जातंय का हे बघायला आपण गोळ्या मोजतो. त्या मोजणीत हा रुग्ण अगदी चोख ठरला असता, पण ही कॅप्सूल गिळायची नव्हे, तिच्यातली पावडर यंत्रातून श्वासावाटे ओढायची, त्यामुळे फुफ्फुसात औषधाचा कणही गेलेला नव्हता. म्हणून "रोज घेता ना?" या प्रश्नावर समाधान मानू नये. त्याचं उत्तर "हो" असतं, आणि ते खरंही असतं.

ही चूक काकांच्या अडाणीपणाची नाही. चिठ्ठीवर 'कॅप.' आणि पुढे १-०-०, रक्तदाबाच्या गोळीसारखंच. ज्या दुकानातून पहिली खरेदी झाली तिथे रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर ओढायचं यंत्र, संपला होता, "दोन दिवसांनी न्या" असं सांगितलं गेलं, आणि घरच्यांना ती वस्तू जोडीला मिळणारी, नसली तरी चालेल अशी वाटली. जगभर हेच होतं. ओढायच्या कॅप्सूल गिळल्या जात असल्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडे त्यावर एक साधा नियम पुरतो: यंत्र हातात असल्याची खात्री केल्याशिवाय ओढायची कॅप्सूल काउंटरवरून हलू द्यायची नाही. यंत्र संपलं असेल तर कॅप्सूलही त्या दिवशी देऊ नये. शेजारच्या दुकानातून यंत्र मागवावं किंवा रुग्णाला तिकडे पाठवावं.

गिळल्याने फार बिघडतं का? टायोट्रोपियम पोटातून फारच थोडं शोषलं जातं. फॉर्मोटेरॉल मात्र शोषला जातो, म्हणून छातीत धडधड आणि हाताला कंप याबद्दल विचारलं. दोन्ही नव्हतं.

आधी धोक्याची चिन्हं

शिकवायला बसण्याआधी या माणसाला आत्ता डॉक्टरांकडे पाठवायला हवं का, हे ठरवावं लागतं. दोन मिनिटं लागतात. एका श्वासात पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ओठ-नखं निळसर आहेत का, बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा झालाय किंवा प्रमाण वाढलंय का, ताप, छातीत दुखणं, पायावर सूज, बेडक्यातून रक्त. ऑक्सिमीटर असेल तर बोट कोरडं आणि गरम करून लावायचा; पावसात भिजून आलेल्या गार बोटावर आकडा खोटा कमी दिसतो. ९२ च्या खाली असेल, तर शिकवणं बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन. काकांचा आकडा ९४, श्वास मिनिटाला २०, बोलणं सलग. थांबवून शिकवता येण्यासारखी स्थिती.

सिरप दिलं नाही. बेडका पडणाऱ्या खोकल्यावर खोकला दाबणारं सिरप देऊन काही साधत नाही, आणि "सिरपने बरं वाटतं" ही समजूत पक्की झाली की कॅप्सूल मागे पडते.

डोळ्यातले थेंब

"आणखी काय औषध चालू आहे?" यावर "बीपीची गोळी" एवढंच उत्तर आलं. प्रश्न फोडून विचारला: डोळ्यात, कानात, नाकात काही घालता? कातडीला काही लावता? गावाकडून आणलेलं काही? तेव्हा काकू म्हणाल्या, "डोळ्यात थेंब सोडते की मी ह्यांच्या, दोन टायमाला. काचबिंदूचं." बाटली टिमोलॉल ०.५ टक्केची.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आम्हाला हीच वाटते. टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर. डोळ्यात टाकलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात जातो. श्वासनलिका सैल करायला फॉर्मोटेरॉल आणि सॅल्ब्युटामॉल ज्या कुलपात शिरतात, त्याच कुलपात टिमोलॉल बसतो आणि श्वासनलिका आवळतो. शिवाय टायोट्रोपियम काचबिंदूच्या एका प्रकारात, कोन अरुंद असलेल्यात, डोळ्याचा दाब एकदम वाढवू शकतं. म्हणजे एकाच थेंबाच्या बाटलीतून दोन प्रश्न उभे राहिले. छातीच्या डॉक्टरांना ती बाटली ठाऊक नव्हती, कारण रुग्णाच्या लेखी डोळ्यातले थेंब हे 'औषध' नव्हतं.

फार्मासिस्टने थेंब स्वतःच्या अधिकारात बंद करायला सांगितले नाहीत. काचबिंदूचे थेंब एकदम थांबवणंही धोक्याचं. तिने छातीच्या डॉक्टरांना फोन केला आणि तीन वाक्यांत विषय मांडला: रुग्ण अमुक, नऊ दिवस कॅप्सूल गिळल्या, उद्या तंत्र शिकवते आहे, टिमोलॉलचे थेंब दोनदा चालू आहेत, काचबिंदूचा प्रकार माहीत नाही, पुढे काय करू? उत्तर मिळालं: नेत्रतज्ज्ञांकडून प्रकार कळेपर्यंत कॅप्सूल थांबवा, गरजेपुरता पंप वापरू द्या. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी काचबिंदू उघड्या कोनाचा असल्याचं सांगितलं आणि टिमोलॉलऐवजी लॅटानोप्रॉस्ट हे बीटा ब्लॉकर नसलेलं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी कॅप्सूल सुरू. फोनवर असं नेमकं बोलणारा फार्मासिस्ट डॉक्टरांना त्रासदायक वाटत नाही. "चिठ्ठी जरा बघाल का" असा मोघम फोन त्रासदायक वाटतो.

टायोट्रोपियमने लघवी अडू शकते, म्हणून धार, तुंबणं याबद्दलही विचारून घेतलं. पुरुष रुग्णाला हा प्रश्न पत्नीसमोर, गर्दीत विचारू नये. काउंटरच्या कडेला नेऊन विचारला.

यंत्र हातात

रोटाहेलर शिकवायला आठ-दहा मिनिटं लागतात. संध्याकाळी सात ते नऊ ती वेळ मिळत नाही. काकांना दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला बोलावलं. गर्दीत अर्धवट शिकवण्यापेक्षा एक दिवस उशीर बरा, कारण पहिल्यांदा चुकीचा बसलेला हात सुटायला महिना जातो. दुकानाचं दाखवायचं यंत्र वेगळं असतं आणि ते रुग्णाच्या तोंडाला लावायचं नसतं. रुग्णाने स्वतःच्याच यंत्रावर, रिकाम्या कॅप्सूलने सराव करायचा.

पहिली गोष्ट यंत्राच्याही आधीची: तोंड रिकामं. काकांच्या ओठाआड तंबाखूची चिमूट होती. तंबाखू, मिश्री, सैल कवळी, यातलं काहीही असलं तर ओठ नळीवर घट्ट बसत नाहीत आणि हवा बाजूने शिरते. चूळ भरून, ताठ बसून सुरुवात.

हात कोरडे. बाटलीतून एकच कॅप्सूल काढून झाकण लगेच बंद. यंत्र उभं धरून कॅप्सूलची पारदर्शक बाजू खाली ठेवत ती वरच्या चौकोनी भोकात घालायची आणि अंगठ्याने दाबून भोकाच्या काठाशी सपाट करायची. इथे पहिली चूक होते: कॅप्सूल अर्धी वर राहते, मग पिळल्यावर फुटत नाही. तोंडाकडचा भाग एका हातात धरून खालचा भाग पूर्ण, अडेपर्यंत फिरवायचा. कॅप्सूलचे दोन तुकडे होऊन पावडर आत सांडते. म्हाताऱ्या, सांधे आखडलेल्या हातांना ही पिळणी जड जाते. काकूंनी फिरवून द्यायची असं ठरलं. फिरवल्यानंतर यंत्र आडवं, सपाट धरायचं, नळी खाली झुकवली तर पावडर ओढण्याआधीच बाहेर पडते.

आता श्वास बाहेर, पूर्ण, पण यंत्रापासून तोंड वळवून. यंत्रात फुंकर गेली की तोंडाची वाफ पावडरला लागते, ती लगदा होऊन जाळीला चिकटते. काकांनी सहापैकी चार वेळा यंत्रातच फुंकलं. ही सवय शब्दांनी जात नाही. फार्मासिस्टने श्वास सोडेपर्यंत यंत्र मांडीवर ठेवायला लावलं, मगच उचलायचं. तेवढ्याने ती चूक बरीच सुटली.

मग दात नळीच्या वर-खाली, ओठ घट्ट, आणि तोंडाने जोरात, खोल ओढ. पावडरच्या यंत्रात ढकलणारा वायू नसतो. पावडर विस्कटण्याचं आणि आत नेण्याचं सगळं काम रुग्णाच्या ओढीने होतं. सुरुवातच जोरात हवी, हळूहळू वाढवत नेलेली ओढ उपयोगाची नाही. यंत्र तोंडातून काढून श्वास रोखायचा, मनात दहा आकडे. काकांना सहापर्यंत जमलं. सहा चालतात, दहाच्या हट्टापायी खोकला आला तर औषध बाहेर. त्यानंतर यंत्र उजेडात धरून बघायचं. पारदर्शक यंत्राचा हाच मोठा फायदा आहे. आत पावडर दिसली तर त्याच कॅप्सूलवर पुन्हा एक ओढ. शेवटी यंत्र उघडून टरफलं फेकायची आणि हात धुवायचे. काचबिंदूच्या रुग्णाला हे मुद्दाम सांगावं, पावडरचं बोट डोळ्याला लागू नये. डोळा लाल होऊन दुखला किंवा दिव्याभोवती रंगीत कडी दिसली तर त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर.

बाटलीवर चिकटपट्टी लावली, मोठ्या अक्षरांत: "गिळू नये. यंत्रातून ओढायची. रोज सकाळी १." मुलाच्या फोनवर काकांचाच, बरोबर जमलेला, चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढून दिला. कंपनीच्या व्हिडिओतल्या तरुण माणसापेक्षा स्वतःचे हात बघून रुग्ण लवकर शिकतो.

दोन यंत्रं, दोन उलटे श्वास

रोटाहेलरला जोरात ओढ लागते. पंपाला नेमकं उलट: सावकाश, खोल, आणि ओढ सुरू होतानाच दाब. एका आठवड्यात दोन्ही शिकवलेला रुग्ण दोन्हींची सरमिसळ करतो. पंप जोरात ओढला की फवारा घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतो. रोटाहेलर सावकाश ओढला की पावडर तळाला राहते. हा घोळ रुग्णाच्या डोक्यातला नाही, चिठ्ठीतच असतो, आणि तो पकडायची जागा काउंटर हीच आहे.

सॅल्ब्युटामॉलचीही कॅप्सूल मिळते, मग सगळं एकाच यंत्रातून का नको? दोन कारणांनी. धाप लागलेली असताना जोरदार ओढ येत नाही, म्हणजे नेमकी गरज असताना यंत्र कमी पडतं. आणि दोन प्रकारच्या कॅप्सूल घरात आल्या की अदलाबदल ठरलेली. म्हणून पंपाला स्पेसर, म्हणजे फवारा आधी साठवून मग ओढायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, सुचवला, डॉक्टरांनी मान्य केला. स्पेसरला काही शे रुपये पडतात आणि तिथे घरचे कचरतात. "हे आत्ताच हवं का?" यावर फार्मासिस्टने पंपाचे दोन फवारे स्पेसरशिवाय आणि स्पेसरने घेऊन दाखवायला लावले. पहिल्या वेळी काकांच्या तोंडातून पांढरा धूर बाहेर आला. "हा बाहेर गेलेला धूर म्हणजे तुमचं औषध," एवढंच सांगितलं. स्पेसर घेतला गेला.

स्पेसरची रीत: नवा पंप, किंवा बरेच दिवस न वापरलेला, आधी हवेत दोन फवारे मारून चालू करायचा. हलवायचा, स्पेसरला जोडायचा, एक फवारा, लगेच सावकाश एक खोल श्वास आणि रोखणं. ते जमत नसेल तर साधे चार-पाच श्वास स्पेसरमधूनच. अर्ध्या-एका मिनिटाने पंप पुन्हा हलवून दुसरा फवारा. दोन्ही फवारे एकदम मारायचे नाहीत. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हवेवर वाळवायचा. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर विद्युत भार चढतो आणि औषध भिंतीला चिकटतं. पंपात किती उरलंय हे पाण्यात तरंगवून कळत नाही. आकडा दाखवणारा काउंटर असेल तर तो बघावा, नसेल तर सुरू केल्याची तारीख पंपावर लिहून फवाऱ्यांच्या रेघा कॅलेंडरवर.

पहिला आठवडा

कॅप्सूल सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी फोन, आठव्या दिवशी यंत्रासकट भेट. भेटीत तीन गोष्टी सापडल्या.

यंत्रात पावडरचा थर. काका पहिल्या ओढीनंतर थांबत होते, आत बघत नव्हते. शिवाय बाटली न्हाणीच्या खिडकीत ठेवलेली, आणि आतली सिलिका जेलची पुडी "विषारी असते" म्हणून काकूंनी फेकलेली. जुलै-ऑगस्टमधली नवी मुंबईची हवा पावडरच्या औषधाला मानवत नाही. कॅप्सूल मऊ पडते, नीट फुटत नाही, पावडरचे गोळे होतात. बाटली कपड्यांच्या कपाटात हलवली. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. रात्रीच यंत्रात कॅप्सूल भरून ठेवायची नाही. यंत्र आठवड्याने धुवायचं, पण पूर्ण सुकल्याशिवाय वापरायचं नाही, त्यामुळे पावसाळ्यात धुण्याचा वार सकाळच्या डोसनंतरचा.

दुसरं, पंप दिवसाला पाच-सहा वेळा आणि कॅप्सूल आठात दोन दिवस चुकलेली. पंपाने पाच मिनिटांत मोकळं वाटतं, कॅप्सूलने लगेच काही जाणवत नाही. मग कॅप्सूल ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी सुटते. इथे काकांच्याच कामातली भाषा उपयोगी पडली. कॅप्सूल म्हणजे टोळीतला कायमचा गडी, रोज हजेरी लावणारा. पंप म्हणजे गाड्या जास्त आल्या की बोलावलेला बदली कामगार. कायमचा गडी घरी बसवून बदलीवर टोळी चालत नाही. काका हसले आणि म्हणाले, "मुकादमाला इचारा, न्हाईच चालत." विसरलेली कॅप्सूल त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. पंप रोज लागतोय आणि वाढतोय, असं झालं तर तो निरोप डॉक्टरांना द्यायचा.

तिसरं, "पंपाची सवय लागते" असं शेजाऱ्यांनी सांगितलेलं. त्याला उत्तर थोडक्यात दिलं: रक्तदाबाची गोळी रोज लागते तशीच ही; आजार रोजचा आहे म्हणून औषध रोजचं. तोंड कोरडं पडत होतं, ते टायोट्रोपियममुळे. घोट घोट पाणी. पुढे कधी स्टेरॉइडचं इनहेलर आलं, तर प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी आणि आवाज बसणं, हे काकूंनाही सांगून ठेवलं.

बिडीचा विषय याच भेटीत काढला, पहिल्या दिवशी नाही. उरलेल्या चार-पाच बिड्यांपैकी सकाळची पहिली आणि जेवणानंतरची सोडायला सगळ्यात कठीण. २ मिलिग्रॅमचं निकोटीन गम: चावून चव तिखट झाली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं, सुमारे अर्धा तास. गमआधी पंधरा मिनिटं चहा नको, तोंडात आम्लता असली की निकोटीन शोषलं जात नाही. चहाबरोबर गम चघळून "काही होत नाही" म्हणणारे पुष्कळ. तंबाखूची चिमूट गमबरोबर चालूच राहिली तर उपयोग नाही, हेही स्पष्ट सांगितलं. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा नंबर, १८००-११-२३५६, चिठ्ठीच्या मागे लिहून दिला. फुफ्फुस ज्या वेगाने ढासळतं तो वेग कमी करण्यात बिडी सोडण्याइतकं परिणामकारक दुसरं काहीच नाही, कॅप्सूलसुद्धा नाही. फार्मासिस्टने हे औषध विकताना सांगायला संकोचू नये.

महिन्याअखेर

तिसाव्या दिवशी आठ प्रश्नांची, सीओपीडीचा त्रास मोजणारी कॅट प्रश्नावली पुन्हा भरली; गुण जितके कमी तितका त्रास कमी. आधी ४० पैकी २३, आता १७. दोन गुणांचा फरकही रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात. जिन्यावर थांबणं पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर गेलं. बिडी दिवसाला एक. पंप आठवड्यात तीन-चारदा. तंत्रात एक चूक उरली: घाईत असले की यंत्रात फुंकर.

पुढची बाटली देताना तीच कंपनी, तेच यंत्र. औषध तेच असलं तरी दुसऱ्या कंपनीची कॅप्सूल या यंत्रात नीट बसेलच असं नाही. रोटाहेलर कॅप्सूल तोडतो, रिव्होलायझर या दुसऱ्या यंत्रात ती टोचली जाते. बदल करावाच लागला तर आठ मिनिटांचा धडा पुन्हा पहिल्यापासून. फार्मसी प्रॅक्टिस नियमावली २०१५ मध्ये औषधाचा वापर, साठवण, चुकलेला डोस, पुढची खरेदी हे सगळं रुग्णाला समजावणं फार्मासिस्टच्या कामात लिहिलेलं आहे. अनेक दुकानांत ते कामाबाहेरचं उपकाराचं काम मानलं जातं. ते बरोबर नाही.

फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारायची चिठ्ठी दिली. मग काकांनी सांगितलं की गणपतीला साताऱ्याकडे गावी दहा दिवस जायचं आहे. गेल्या वेळी रक्तदाबाच्या गोळ्या इथेच राहिल्या होत्या. यावेळी दहा दिवसांच्या नव्हे तर पंधरा दिवसांच्या कॅप्सूल त्यांच्या मूळ बाटलीतच, दुसरा रोटाहेलर, स्पेसरसकट पंप, आणि एक कागद: औषधांची नावं, मात्रा, डॉक्टरांचा नंबर, आणि कधी वाट बघत थांबायचं नाही ते. बेडका पिवळा-हिरवा झाला, धाप नेहमीपेक्षा वाढली, पंपाने चार तासही आराम टिकला नाही, तर त्याच दिवशी जवळचा दवाखाना.

दुकानाच्या वहीत नोंद झाली: पुढची बाटली गावाहून परतल्यावर दोन दिवसांत, यंत्र सोबत आणायचं, फुंकर बघायची. यंत्र बदलायचा महिना जानेवारी.